केशसंवर्धन : बॉयकटापासून वेणीपर्यंत

स्त्रीच्या डोक्यावरचे केस एकाएकी अगदी आखूड व्हावेत याला आपल्याकडे कारणे अनेक असतात. कोणी बालाजीला बोललेला नवस फेडण्यासाठी तिरुमलेच्या कल्याणकट्ट्यावर केस उतरवून येते. कोणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप करावयास उपयोगी पडावेत म्हणून आपला हातभर शेपटा कापून देते. कोणाचे केस त्याच रोगावरच्या औषधांनी चार दिवसांत उशीवर उतरतात. आणि कोणी, उकाड्याला कंटाळून म्हणा वा हौसेने म्हणा, केशकर्तनालयात जाऊन बॉयकट करून घेते. या चौघींची मनःस्थिती परस्परांहून अत्यंत भिन्न असली, तरी काही महिन्यांनी चौघींच्याही तोंडी येणारा प्रश्न मात्र एकच असतो : पहिल्यासारखे लांब, निकोप केस पुन्हा केव्हा येतील, आणि ते लवकर यावेत यासाठी काय करावे?

या प्रश्नाला आपल्या समाजात एक जुना आणि कष्टप्रद इतिहास आहे, आणि त्याचे स्मरण ठेवल्याखेरीज केसांविषयीची आपली हळवी आसक्ती पुरती उमगत नाही. पतिनिधनानंतर स्त्रीचे केशवपन करण्याची रूढी ब्राह्मणादी जातींत ज्या काळी धर्माज्ञा म्हणून पाळली जात होती, त्या काळी मुंबईचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली तेथील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवण्यास नकार दिला. ज्यांच्या हातांनी ते कृत्य घडत असे त्यांनीच ते अन्याय्य ठरवावे, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील फार थोर गोष्ट होय. डोक्यावर केस असणे वा नसणे याचा निर्णय ज्या स्त्रियांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या नव्हता, त्यांच्या नाती-पणती आज तो निर्णय स्वतः घेतात, कापतात आणि पुन्हा वाढवतात. तेव्हा हा विषय केवळ नट्टापट्ट्याचा म्हणून बाजूस सारता येण्यासारखा नाही.

प्रथम एका दृढमूल समजुतीचा निकाल लावणे भाग आहे. एकदा वस्तरा फिरवला म्हणजे केस दाट येतात, या श्रद्धेपायी आपल्या घरोघरी बाळाचे जावळ काढल्यावरही दोन-दोन, तीन-तीन वेळा गोटा केला जातो, आणि गळणाऱ्या केसांना वैतागलेल्या तरुण मुलींनाही तोच सल्ला वडीलधारी माणसे मोठ्या मायेने देतात. वस्तुस्थिती अशी, की केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असलेले मूळ, आणि वर कात्री चालली की वस्तरा, याची वार्ता त्या मुळापर्यंत पोहोचण्यास कोणताही मार्ग नाही. अमेरिकेतील सेंट लुई येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीवर हा प्रयोग मोजमाप घेऊन केला, तेव्हा वस्तऱ्याने ना केसांची जाडी वाढली ना वाढीचा वेग, असेच दिसून आले. मग ही समजूत टिकली कशी? नैसर्गिकपणे वाढलेल्या केसाचे टोक निमुळते असते आणि कापलेल्या केसाचे बोथट. त्यामुळे नवे खुंट हाताला राठ आणि डोळ्याला काळेभोर भासतात. बाळाचे म्हणाल, तर त्याचे जन्मजात मऊ केस जाऊन त्या जागी वयपरत्वे जाड केस येणारच असतात आणि त्याचे श्रेय वस्तऱ्याला जाते, इतकेच.

आता मुळाचा स्वतःचा कारभार पाहू. मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचे स्वतंत्र कालचक्र असते : दोन ते सहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, वाढीची, दोन-तीन आठवडे संक्रमणाची, आणि सुमारे तीन महिने विश्रांतीची. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस डोके वर काढतो. कोणत्याही दिवशी १०० पैकी ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले निरोप घेण्याच्या तयारीत, म्हणून रोज ५० ते १०० केस फणीत येणे हे आरोग्याचेच लक्षण समजावे. वाढणारा प्रत्येक केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर या गतीने पुढे सरकतो. ही गती डोळ्यांना मंद वाटते खरी. पण लाखभर मुळांचा रोजचा हिशेब एकत्र केला, तर आपले मस्तक दिवसाला तीस मीटरहून अधिक लांबीचा केस तयार करीत असते, आणि एवढे अविरत काम शरीरातील फारच थोड्या पेशींच्या वाट्याला येते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि प्रत्येकीने त्या मनाशी पक्क्या धराव्यात असे मला वाटते. पहिली मुदतीची. पूर्ण मुंडन झालेल्या डोक्यावर मानेपर्यंत केस यायला वर्ष-दीड वर्ष, खांद्यापर्यंत दोन-अडीच वर्षे आणि कमरेपर्यंत पाच-सहा वर्षे लागणार, आणि महिनाभरात केस वीतभर वाढविण्याची हमी देणारी बाटली कितीही महाग असली तरी ती हमी खोटी. दुसरी गोष्ट अशी, की ज्या स्त्रीच्या मुळांची वाढीची मुदत निसर्गतःच तीन वर्षांची आहे तिचे केस खांद्याच्या जरा खाली पोहोचता-पोहोचता गळण्याच्या वयाला येतात, आणि जिची सहा वर्षांची आहे तिची वेणी कमरेखाली जाते. हा भेद बव्हंशी वंशपरंपरेने आलेला असतो, त्यात तिच्या निष्ठेचा वा हयगयीचा काही संबंध नाही. एकाच घरातील दोघी बहिणी एकच तेल लावत असता एकीचा शेपटा आणि दुसरीचा आखूड बुचडा का, याचे उत्तर येथे मिळते.

मुळाची गती आपल्या हाती नाही. मग आपल्या हाती काय? एक तर त्या मुळाला लागणारी रसद शरीराने वेळेवर पुरवावी हे पाहणे, आणि दुसरे म्हणजे जेवढे उगवले तेवढे तुटू न देता जपणे. माझे स्पष्ट मत असे, की लांब केस हे वाढविण्याने जितके मिळतात त्याहून अधिक राखण्याने मिळतात. ‘माझे केस वाढतच नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींचे केस मुळाशी व्यवस्थित वाढत असतात आणि टोकाशी तितक्याच वेगाने तुटत असतात.

आपल्या बाबतीत यांपैकी काय घडते आहे, हे घरच्या घरी पाहता येते. फणीत आलेला केस पांढऱ्या कागदावर उजेडात धरावा आणि त्याच्या दोन्ही टोकांकडे नीट निरखून पाहावे. एका टोकाला टाचणीच्या माथ्याहून बारीक असा पांढुरका गाठोळा दिसला, तर तो केस आपली मुदत भरून मुळापासून निघाला आहे असे समजावे. दोन्ही टोके उघडी असतील, किंवा एखादे टोक दुभंगलेले असेल, तर तो केस गळलेला नसून तुटलेला आहे. पहिल्या प्रकारचे केस फार येऊ लागले तर लक्ष शरीराकडे वळवावे. दुसऱ्या प्रकारचे आले तर फणी, पाणी, पंचा आणि इस्त्रीयंत्र यांकडे.

केसाचे बाह्यावरण आणखी एका साध्या प्रयोगाने ध्यानी येते. एक लांब केस दोन बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे ओढला तर तो गुळगुळीत लागतो, आणि टोकाकडून मुळाकडे ओढला तर किंचित खरखरीत. याचे कारण केसावरचे सूक्ष्म खवले घरावरच्या मंगळुरी कौलांप्रमाणे एकावर एक, टोकाच्या दिशेने कललेले असतात. ही कौले शाबूत असतील तोवर आतला केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा सुरक्षित राहतो. ती निखळली की गाभा उघडा पडतो आणि त्याला फाटे फुटतात. आता कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसाच्या टोकाचा विचार करावा. ते टोक पाच-सहा वर्षांपूर्वी त्वचेतून बाहेर आलेले असते. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरले तर त्याला पाचशेहून अधिक न्हाणी, तितकेच पंचे, हजारो वेळा फिरलेली फणी आणि तितक्या वर्षांचे ऊन सोसावे लागलेले असते. त्याची दुरुस्ती करणारे जिवंत काही त्यात उरलेले नसते. एकदा तुटले ते जोडले जात नाही, म्हणून ते तुटण्याच्या आधीच काळजी घ्यावी लागते.

ही काळजी महागडी नाही. ओला केस कोरड्याहून अधिक ताणला जातो आणि अधिक सहज तुटतो, म्हणून न्हाऊन उठताच फणी घेऊन बसण्याची सवय सोडावी. पंच्याने खसाखसा पुसण्याऐवजी केस सुती पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, आणि थोडे सुकल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने, खालच्या टोकापासून आरंभ करून, हळूहळू वर जात गुंता सोडवावा. मुळापासून एकदम खाली ओढलेली फणी सगळा गुंता एका जागी गोळा करते आणि मग झटक्यासरशी दहा-वीस केस तोडते. अंगाचा साबण केसांना लावू नये, कारण त्याच्या अल्कलीने खवले उचलले जातात. ज्या गावी बोअरचे जड पाणी आहे तेथे तर त्या साबणाचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस दगडासारखे निबर होतात. शिकेकाई आणि रिठा यांच्यातील फेस देणारी द्रव्ये मळ काढतात, तर जास्वंदीच्या पानांचा वा भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीत लेप केसाकेसांतील घर्षण कमी करतो. आजचा कंडिशनर दुसऱ्या द्रव्यांनी हेच काम साधतो, आणि ज्याला जे परवडेल व सोसेल ते त्याने वापरावे, त्यात प्राचीन-अर्वाचीन असा वाद घालण्याचे कारण नाही.

खोबरेल तेलाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण आपल्या आज्यांच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट प्रयोगशाळेने येथे खरी ठरवली आहे. मुंबईतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा धुण्याने केसांतील प्रथिनांचा होणारा ऱ्हास केवळ खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात रोखला गेला असे आढळले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले आहे, हे वाचकाने जाणून असावे. तथापि त्यामागील कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. खोबरेलातील मुख्य स्निग्धाम्ल, म्हणजे लॉरिक आम्ल, याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते आणि पाण्याने केस फुगण्याला आळा घालते. म्हणजेच तेल न्हाण्यापूर्वी लावावे, आणि मुळांना चोपडण्यापेक्षा लांबीला व टोकांना लावावे, हे उघड आहे. तेलाने केस उगवतात असे मात्र नाही. उलट ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांनी टाळूवर तेल थापून ठेवले तर कोंड्याला कारण होणारी बुरशी त्यावर अधिकच पोसते.

आखूड केस वाढवताना सर्वांत कसोटीचा काळ पहिल्या तीन महिन्यांपासून पहिल्या वर्षापर्यंतचा. केस कानांवर येतात पण कानामागे बसत नाहीत, पुढचे डोळ्यांत जातात, आणि मानेवरचे मात्र सर्वांच्या आधी गळपट्टीला टेकून बाहेर वळतात, कारण माथ्यावरच्या केसांना तितके अंतर खाली यायला पुष्कळ अवकाश असतो. या टप्प्यावर बहुतेकजणी वैतागून पुन्हा सगळे केस कापून टाकतात. तसे न करता केवळ मानेवरचे केस थोडे थोडे कापून घ्यावेत आणि वरच्यांना खाली येण्यास मुदत द्यावी. पुढच्या केसांना चिमटे, आकडे, पट्टा वा रुमाल यांनी आवरावे. पुढे लांबी आली की तीन-चार महिन्यांनी टोकाचे अर्धा सेंटिमीटर काढावे. त्याने वाढ होत नाही, पण फाटा वर चढत जाण्याचे थांबते. दरमहा सेंटिमीटरभर छाटणाऱ्या स्त्रीची लांबी मात्र वर्षानंतरही जिथल्या तिथेच राहणार, कारण जितके उगवले तितके तिनेच कापले. केस बांधण्याजोगे होताच आनंदाच्या भरात ते करकचून ओढून बांधण्याचा मोह होतो. पण रोजच्या ताणाने कपाळाकडची आणि कानशिलाजवळची मुळे दुबळी होतात, आणि हा ताण वर्षानुवर्षे चालला तर तेथील केस कायमचे जातात. गंगावन लावायचे तेही क्वचित, समारंभापुरतेच.

आता शरीराविषयी. विषमज्वर, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया वा उपाशी राहून वजन उतरवणे, यांपैकी कशाचाही आघात झाला की अनेक मुळे आपली वाढ थांबवून एकदमच विश्रांतीला जातात, आणि विश्रांतीची मुदत तीन महिन्यांच्या आसपास असल्याने केस गळू लागतात ते आजारपण विसरल्यानंतर. त्यामुळे दोष येतो त्या आठवड्यात बदललेल्या साबणावर वा पाण्यावर. भयभीत होऊन स्त्री केस कापते, नवे तेल आणते. आणि काही महिन्यांत मुळे आपोआप पूर्ववत कामाला लागली की श्रेय त्या कात्रीला आणि तेलाला मिळते. बहुतेक घरगुती उपायांची कीर्ती अशी निर्माण झाली आहे. अशी गळती सहसा सहा महिन्यांत थांबते, बाळंतिणीचे केसही साधारणतः वर्षाच्या आत भरून येतात, आणि या अवधीत सकस अन्न व धीर याहून अधिक काही लागत नाही.

कर्करोगावरील औषधांची गोष्ट निराळी. ती औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात, आणि केसांच्या मुळातील पेशी निरोगी शरीरातही तशाच असल्याने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केस जातात, जरी सर्वच औषधांनी असे होत नसले तरी. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत मऊ लव येते आणि दोन-तीन महिन्यांत केस दिसू लागतात. ते पुष्कळदा पूर्वीपेक्षा कुरळे किंवा निराळ्या छटेचे असतात, बहुधा पुढे पूर्ववत होतात. आणि त्या कोवळ्या केसांवर कलप वा केस सरळ करण्याची रसायने डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नयेत. अशा स्त्रीला भेटायला जाणाऱ्या आप्तेष्टांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘केस कधी येणार?’ हा प्रश्न तिला विचारू नये. तो प्रश्न ती रोज स्वतःला विचारीत असते.

केस प्रथिनांचा बनलेला असल्यामुळे ताटात डाळ, उसळ, दही, अंडी वा मासळी यांपैकी काही रोज असलेच पाहिजे, आणि लोहाशिवाय मुळाचे काम चालत नाही. येथे आपल्या देशाची स्थिती चिंताजनक आहे : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी गृहिणी, अळिवाचे लाडू केवळ बाळंतपणापुरते खाणारी सून, जेवण होताच चहा घेऊन अन्नातील लोह वाया घालवणारी कचेरीतील बाई, या सर्वांचे केस त्यांच्या आहाराची साक्ष देतात. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी घ्यावा. केसांसाठी म्हणून जाहिरात होणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांची गरज क्वचितच कोणाला असते, आणि त्या घेत असाल तर थायरॉइडची वा हृदयविकाराची रक्ततपासणी करताना डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे, कारण त्या गोळ्यांनी तपासणीचे आकडे चुकू शकतात.

टाळूवर रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग दिवसेंदिवस रुंद होत चालला, खाज आणि खपल्या धरल्या, किंवा गळती सहा महिने उलटूनही थांबली नाही, तर घरगुती उपायांत आणखी काळ दवडू नये; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण यांपैकी काही विकारांत मूळ एकदा नष्ट झाले की तेथे पुन्हा केस येत नाही. आणि तसे काही नसेल, तरीसुद्धा पुढची तेलाची बाटली विकत आणण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी तेथे विनामूल्य होते, आणि रक्त कमी भरले तर लोहाच्या गोळ्याही तेथेच मिळतात.